अल्बिकन्स की डब्लिनिएन्सिस? जुळ्या यीस्टची ओळख पटवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. तोंडाच्या स्वॅबमधून आलेले एक यीस्ट जर्म ट्यूब पॉझिटिव्ह आहे (सीरममध्ये पेशीतून नळीसारखा कोंब फुटतो), कॉर्नमील अगरवर क्लॅमिडोस्पोअर (जाड भिंतीचे गोल बीजाणू) देते, क्रोमोजेनिक अगरवर (जातीनुसार कॉलनीला वेगळा रंग देणाऱ्या माध्यमावर) त्याची कॉलनी हिरवी येते. पण शर्करा-चाचण्यांचे किट एकदा कॅन्डिडा अल्बिकन्स सांगते आणि पुन्हा लावले की कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस. सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनएचा क्रम वाचण्याची, सोय हाताशी नाही. मग खात्री कशी करायची? आणि अशाच इतर जोड्यांचे काय?

वरच्या तिन्ही चाचण्यांना दोन्ही जाती सारखेच उत्तर देतात. जर्म ट्यूब दोघांनाही येते, क्लॅमिडोस्पोअर दोघांनाही येतात, हिरवा रंगही दोघांचाच. डब्लिनिएन्सिसचे वर्णन झाले १९९५ मध्ये, डब्लिनमधल्या एचआयव्हीबाधित रुग्णांच्या तोंडातून मिळालेल्या स्ट्रेनवरून. तोपर्यंत ते अल्बिकन्सच्याच खात्यावर जमा होत होते, कारण 'जर्म ट्यूब आली की अल्बिकन्स' हा नियम त्याच्या कितीतरी आधीचा आहे. म्हणून याच चाचण्या पुन्हा पुन्हा करून काही हाती लागणार नाही. जिथे दोघांची उत्तरे वेगळी पडतात, असे प्रश्न विचारावे लागतात.

त्याआधी कल्चर शुद्ध आहे का ते पाहा. किटचा निकाल उलटसुलट येण्याचे पहिले कारण मिश्र कल्चर असते, आणि तोंडाच्या नमुन्यात दोन जाती एकत्र असणे मुळीच दुर्मीळ नाही. क्रोमोजेनिक अगरवर पातळ स्ट्रीक करा, सुटी कॉलनी उचला, तीच पुन्हा एकदा स्ट्रीक करा. पुढच्या सगळ्या चाचण्या या दुसऱ्या प्लेटवरच्या एका कॉलनीपासून वाढवलेल्या, साबुरो अगरवरच्या (बुरशीसाठीच्या नेहमीच्या माध्यमावरच्या) २४ तासांच्या ताज्या वाढीतून करायच्या. फ्रिजमध्ये आठवडाभर पडलेल्या प्लेटवरून केलेली चाचणी अर्धी वाया गेलीच म्हणून समजा.

क्रोमोजेनिक अगरचा रंग इथे सूचनेपुरताच घ्यावा. नमुना थेट लावला असेल, तर डब्लिनिएन्सिसची कॉलनी गडद हिरवी आणि अल्बिकन्सची फिकट ते मध्यम हिरवी दिसते. पण कल्चर साठवले, दोन-चारदा सबकल्चर केले की हा गडदपणा टिकेलच असे नाही. शेजारी दोन्हींचे कंट्रोल नसतील तर 'गडद' म्हणजे किती गडद, हे प्रत्येक जण आपापल्या डोळ्यांनी ठरवतो. रंग पाहून संशय घ्यावा, नाव देऊ नये.

जर्म ट्यूबबद्दल एवढेच. अर्धा मिली सीरम, त्यात कॉलनीला सुई जेमतेम टेकवून घेतलेला अंश, ३७ अंश सेल्सिअस, दोन ते तीन तास. तीन तासांपुढे गेलात तर कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस ही दुसरी जातही लांबट धागे काढू लागते. त्या धाग्याला पेशीपाशी आवळलेली कंबर असते, खऱ्या जर्म ट्यूबला नसते. सीरम दुधासारखे गढूळ होईल एवढी कॉलनी टाकली, तर अस्सल अल्बिकन्सही ट्यूब देत नाही.

आता ज्या चाचण्या खरोखर उपयोगी आहेत त्यांकडे. साध्या प्रयोगशाळेत सर्वांत जास्त भरवसा ४५ अंशांच्या चाचणीवर ठेवता येतो, आणि सर्वांत जास्त चुकाही हीच चाचणी करताना होतात. तत्त्व सोपे: अल्बिकन्सचे बहुतेक स्ट्रेन ४५ अंशांवर वाढतात, डब्लिनिएन्सिस वाढत नाही. ही चाचणी ४२ अंशांवरही केली जाते, पण त्या तापमानाला डब्लिनिएन्सिसचे काही स्ट्रेन थोडे का होईना वाढतात आणि निकाल धूसर होतो. म्हणून ४५ अंशच ठेवा.

पहिली चूक इन्क्युबेटरची. पडद्यावर ४५ दिसते ते सेन्सरपाशी. वरच्या आणि खालच्या फळीत दोन अंशांचा फरक सहज असू शकतो. खालच्या फळीवर प्रत्यक्षात ४३ असले, तर तुम्ही न कळत धूसर पट्ट्यात काम करत आहात. तपासलेला थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत बुडवून नेमक्या त्याच फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी वाचा. त्याहून सोपे म्हणजे साबुरो ब्रॉथच्या नळ्या वॉटर बाथमध्ये ठेवणे. पाण्याचे तापमान अर्ध्या अंशाच्या आत सांभाळता येते.

दुसरी चूक जाड इनॉक्युलमची, म्हणजे सुरुवातीलाच फार पेशी टाकण्याची. लूपभर कॉलनी प्लेटवर फासली की ४५ अंशांवर काहीही न वाढता तोच थर दोन दिवसांनी पांढुरका दिसतो, आणि पाहणारा 'वाढ आहे' असे लिहून मोकळा होतो. हे टाळायचे तर ठिपक्यांची पद्धत वापरा. निर्जंतुक पाण्यात ०.५ मॅकफारलंड (गढूळपणावरून घनता मोजण्याचे माप) घनतेचे सस्पेन्शन करा. यीस्टच्या बाबतीत ही घनता मिलीलिटरला साधारण १० ते ५० लाख पेशींची असते. त्यापासून दहापट विरळ करत १:१०, १:१०० आणि १:१००० अशा नळ्या तयार करा. प्रत्येकीतला ५ मायक्रोलिटरचा ठिपका एकाच ओळीत साबुरो अगरवर ठेवा. मूळ सस्पेन्शनच्या ठिपक्यात ५ ते २५ हजार पेशी जातात, शेवटच्यात जेमतेम ५ ते २५. ठिपके जिरले की एक प्लेट ३० अंशांवर आणि तिची जुळी, आधीच गरम करून ठेवलेली, ४५ अंशांवर. वाचन २४ आणि ४८ तासांनी. शेवटच्या ठिपक्यात सुट्या कॉलन्या मोजता आल्या तर ती वाढ खरी. पहिल्याच ठिपक्यात धुरकट डाग आणि पुढे सगळे स्वच्छ, तर तो नुसता टाकलेल्या पेशींचा थर. ३० अंशांच्या प्लेटवर मात्र चारही ठिपके भरायलाच हवेत. तिथेच वाढ नसेल तर ४५ च्या प्लेटला काही अर्थ नाही.

तिसरी अडचण प्लेट सुकण्याची. १५ मिलीची पातळ प्लेट ४५ अंशांवर दोन दिवसांत पापडासारखी होते आणि मग अल्बिकन्सही वाढत नाही. प्लेटमध्ये २५ मिली अगर ओता आणि प्लेट ओल्या कापसासह झाकणाच्या डब्यात ठेवा. कंट्रोल दोन्ही जातींचे हवेत आणि ते त्याच प्लेटवर हवेत. डब्लिनिएन्सिससाठी टाइप स्ट्रेन (जातीचा अधिकृत संदर्भ नमुना) सीबीएस ७९८७, म्हणजेच सीडी३६, घ्या. अल्बिकन्ससाठी एससी५३१४ किंवा एटीसीसी ९००२८ चालेल.

निकालाचे वजन दोन्ही बाजूंना सारखे नाही. ४५ अंशांवर स्वच्छ वाढ झाली तर डब्लिनिएन्सिस जवळपास बाद. वाढ झाली नाही तर मात्र एवढ्यावर डब्लिनिएन्सिस म्हणता येत नाही, कारण अल्बिकन्सचे काही स्ट्रेनही या तापमानाला हार मानतात. तिथे दुसरी चाचणी हवी.

ती दुसरी चाचणी म्हणून स्टाइब अगर घ्यावा. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सच्या तपकिरी कॉलन्यांसाठी कारळ्याच्या बियांचा जो अगर करतात, तोच हा. ज्या प्रयोगशाळेत क्रिप्टोकॉकस पाहतात तिथे तो बहुधा असतोच, फक्त या कामासाठी वापरला जात नाही. कृती: कारळ्याची ५० ग्रॅम पूड एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, पाणी पुन्हा लिटरभर करा, त्यात ग्लुकोज १ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, क्रिएटिनिन १ ग्रॅम आणि अगर १५ ग्रॅम घालून ऑटोक्लेव्ह करा. सुट्या कॉलन्या येतील असा स्ट्रीक करा आणि ३० अंशांवर ४८ ते ७२ तास ठेवा.

डब्लिनिएन्सिसची कॉलनी इथे खडबडीत येते आणि कडेने हायफांची, म्हणजे बुरशीच्या धाग्यांची, झालर सुटते. अल्बिकन्सची कॉलनी गुळगुळीत, गोल, कड स्वच्छ. झाकण काढून प्लेट तशीच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि १० पट ऑब्जेक्टिव्हने कॉलनीची कड पाहा. डब्लिनिएन्सिसच्या झालरीत जाड भिंतीचे, चकाकणारे गोल क्लॅमिडोस्पोअर भरपूर दिसतात. अल्बिकन्स या अगरवर ते बनवत नाही. प्लेट ३७ अंशांवर ठेवू नका, त्या तापमानाला क्लॅमिडोस्पोअर नीट बनत नाहीत. खूप दाटीने उगवलेल्या भागातही झालर दबते, म्हणून वाचन सुट्या कॉलनीचेच करा.

कॉर्नमील अगरवर दोघेही क्लॅमिडोस्पोअर देतात हे वर आलेच, पण मांडणीत फरक असतो. १ टक्का ट्वीन ८० घातलेल्या कॉर्नमील अगरवर तीन-चार समांतर चरे ओढा, त्यावर कव्हरस्लिप ठेवा, २५ अंशांवर ४८ ते ७२ तास. अल्बिकन्समध्ये क्लॅमिडोस्पोअर बहुधा एकेकटे, धाग्याच्या टोकाला. डब्लिनिएन्सिसमध्ये ते आखूड फांद्यांवर जोडीने, तिघांच्या घोसात किंवा त्याहून दाट पुंजक्यांत. कव्हरस्लिपच्या मधोमध, जिथे हवा कमी, तिथे शोधा. एखादी जोडी दिसली म्हणून निकाल फिरवू नका. पाच-सहा क्षेत्रे पाहून बहुसंख्य काय आहे ते लिहा. ट्वीन टाकायचे राहिले तर दोघेही फारसे काही देत नाहीत, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

मिठाची चाचणी स्वस्त आणि सोपी. ६.५ टक्के सोडियम क्लोराइड घातलेला साबुरो ब्रॉथ, २८ ते ३० अंश, ९६ तासांपर्यंत. अल्बिकन्स गढूळपणा आणते, डब्लिनिएन्सिसची नळी स्वच्छ राहते. इथेही इनॉक्युलम विरळ हवे आणि बिनमिठाची नळी सोबत हवी. ४५ अंशांची चाचणी आणि ही एकत्र लावली तर दोन्हींचे वाचन त्याच आठवड्यात उरकते.

शर्करांमध्ये दोन उपयोगी: डी-झायलोज आणि अल्फा-मिथाइल-डी-ग्लुकोसाइड. अल्बिकन्स दोन्ही वापरते, डब्लिनिएन्सिस दोन्ही नाही. किट एकदा हे आणि एकदा ते सांगते त्याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते. झायलोजच्या कपात वाढ सावकाश येते. सस्पेन्शन पातळ झाले किंवा वाचन लवकर केले की अल्बिकन्सचा कप निगेटिव्ह वाचला जातो आणि प्रोफाइल डब्लिनिएन्सिसकडे झुकते. सस्पेन्शन जाड झाले की उलट: पेशींनी सोबत आणलेल्या साठ्यावरच कप किंचित गढूळ होतो. नुसत्या डोळ्यांनी घनता ठरवणे सोडा, डेन्सिटोमीटर वापरा.

माल्डी-टॉफ (पेशीतल्या प्रथिनांच्या वस्तुमानावरून जात ओळखणारे) यंत्र जवळच्या मोठ्या प्रयोगशाळेत असेल, तर या जोडीसाठी ते सर्वांत जलद. डेटाबेसमध्ये दोन्ही जातींचे पुरेसे स्पेक्ट्रम असले की ते दोघांना नीट वेगळे करते. यीस्टची भिंत जाड असते, त्यामुळे कॉलनी नुसती फासून वर मॅट्रिक्स टाकला तर स्कोअर पडतो. पातळ थर लावा, इतका की ठिपका जेमतेम दिसावा. त्यावर ७० टक्के फॉर्मिक ॲसिड १ मायक्रोलिटर, वाळू द्या, मग मॅट्रिक्स १ मायक्रोलिटर. तरी स्कोअर कमी आला तर पूर्ण निष्कर्षण: कॉलनी ३०० मायक्रोलिटर पाण्यात मिसळा, ९०० मायक्रोलिटर इथेनॉल घाला, पूर्ण वेगाने २ मिनिटे फिरवा, इथेनॉल ओतून गाळ वाळवा, ७० टक्के फॉर्मिक ॲसिड आणि तितकेच ॲसिटोनायट्राइल घाला, पुन्हा फिरवा, वरचे द्रव १ मायक्रोलिटर ठिपक्यावर. पहिल्या नावावर समाधान मानू नका. यादीतली पुढची नावेही वाचा. अल्बिकन्स आणि डब्लिनिएन्सिस दोन्ही वर असतील आणि स्कोअर एकमेकांना चिकटलेले असतील, तर तो निकाल नव्हे. निष्कर्षण करून पुन्हा लावा.

सिक्वेन्सिंग नाही पण पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करणारी पद्धत) आहे, अशी स्थिती असेल तर काम सोपे आहे. एचडब्ल्यूपी१ हे जनुक हायफाच्या भिंतीतल्या प्रथिनाचे. त्याच्या एका भागाची लांबी या गटात जातीगणिक वेगळी आहे: प्रचलित प्राइमर जोडीने अल्बिकन्सचा पट्टा ९४१ बेस पेअरचा येतो, डब्लिनिएन्सिसचा ५६९ चा, आणि त्यांचा तिसरा सोबती आफ्रिकाना याचा साधारण ७०० चा. एवढा फरक साध्या १.५ टक्के अगारोजवर डोळ्यांना दिसतो. हा तिसरा सोबती लक्षात ठेवा. तो जर्म ट्यूब देतो, पण क्लॅमिडोस्पोअर बनवत नाही आणि ग्लुकोसामाइन व एन-ॲसिटाइलग्लुकोसामाइन वापरत नाही. 'क्लॅमिडोस्पोअर नसलेले, सावकाश वाढणारे अल्बिकन्स' म्हणून नोंदलेल्या स्ट्रेनमध्ये तो लपलेला असतो.

डीएनएसाठी महागडे किट लागत नाही. एक कॉलनी १०० मायक्रोलिटर द्रावणात मिसळा. द्रावण म्हणजे २०० मिलिमोलर लिथियम ॲसिटेट आणि १ टक्का एसडीएस. ७० अंशांवर ५ मिनिटे. इथेनॉल ३०० मायक्रोलिटर घालून हलवा, १५,००० जी वर ३ मिनिटे फिरवा. गाळ ७० टक्के इथेनॉलने धुवा, १०० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवा, पुन्हा क्षणभर फिरवा आणि वरच्या द्रवातला १ मायक्रोलिटर पीसीआरला घ्या. इथे हात आखडता ठेवा: कॉलनी जास्त घेतली किंवा एसडीएस नीट धुतले गेले नाही तर पॉलिमरेज गप्प बसते.

जेल वाचताना तीन गोष्टी. पट्टाच नसेल तर ते 'दोन्ही नाही' असे समजू नका. त्याच डीएनएवर आयटीएस१ आणि आयटीएस४ (बुरशीतल्या आयटीएस या डीएनए भागासाठीचे) प्राइमरची प्रतिक्रिया लावून डीएनए चांगला असल्याची खात्री करा. ९४१ च्या थोडा खाली आणखी एक पट्टा दिसला तर घाबरू नका, अल्बिकन्सच्या काही स्ट्रेनमध्ये दोन ॲलीलची (जनुकाच्या दोन प्रतींची) लांबी वेगळी असते. पण ९४१ आणि ५६९ दोन्ही ठळक आले तर ते मिश्र कल्चर, परत स्ट्रीकपासून सुरुवात. पीसीआर आखूड तुकडा आधी उचलते, त्यामुळे मिश्रणात अल्बिकन्सचा पट्टा फिका पडू शकतो.

आयटीएसचा पट्टा नुसता जेलवर पाहून या जोडीत काही कळत नाही, दोघांचाही साधारण ५४० बेस पेअरच्या आसपास. नेहमीच्या सहा जाती ओळखायला जे एमएसपी-१ एन्झाइम वापरतात, तेही यांना वेगळे करत नाही. एन्झाइमने कापून ओळखायचेच असेल तर लक्षात ठेवा की 'न कापलेला' पट्टा एन्झाइम निकामी झाल्यानेही दिसतो. ज्याचा तुकडा पडतो हे ठाऊक आहे असा कंट्रोल त्याच मिश्रणातून चालवलाच पाहिजे.

पुढे कधी सिक्वेन्स करून घेतलात, तर मोठ्या आरआरएनए उपघटकाच्या डी१/डी२ भागासाठी जुना व्यवहारी नियम असा: सुमारे ६०० बेसच्या या भागात एकाच जातीच्या स्ट्रेनमध्ये फरक बहुधा ३ पर्यंत, ६ पेक्षा जास्त, म्हणजे १ टक्क्याच्या वर गेला, तर जाती वेगळ्या असण्याची शक्यता मोठी. यावरून लगेच कळते की '९८ टक्के जुळले, म्हणजे तीच जात' हे वाक्य जवळच्या यीस्टमध्ये किती घातक आहे. दोन्ही दिशांनी वाचा, टोकांचे अस्पष्ट बेस छाटा आणि तुलना टाइप स्ट्रेनच्या सिक्वेन्सशी करा. सार्वजनिक संग्रहात चुकीच्या नावाने ठेवलेले सिक्वेन्स आहेत, आणि यादीत सर्वांत वर तेच येऊ शकतात.

इतर जोड्या थोडक्यात. कॅन्डिडा पॅराप्सिलोसिसचे तीन गट २००५ मध्ये पॅराप्सिलोसिस, ऑर्थोप्सिलोसिस आणि मेटाप्सिलोसिस अशा तीन जाती झाले; शर्करा-किट यांना वेगळे करत नाही, त्यात वेळ घालवू नका. एसएडीएच जनुकाचा तुकडा बॅन-१ एन्झाइमने कापा किंवा माल्डी वापरा. ग्लॅब्राटाचे सोबती निव्हॅरिएन्सिस आणि ब्रॅकॅरेन्सिस क्रोमोजेनिक अगरवर गुलाबी-जांभळ्याऐवजी पांढरे येतात. 'ग्लॅब्राटासारखे, पण पांढरे' दिसले की सिक्वेन्सिंगला पाठवा.

कॅन्डिडा ऑरिस मात्र चुकवून चालत नाही. २००९ मध्ये वर्णन झालेली ही जात जुन्या डेटाबेसवर हिमुलोनी, फमाटा, साके अशा नावांनी येते. एपीआय २०सी पट्टीवर तर ती रोडोटोरुला ग्लुटिनिस म्हणूनही येते, आणि कॉलनीला लाल रंगाचा मागमूस नसतो. रंग नसलेले रोडोटोरुला हा स्वतःच धोक्याचा इशारा आहे. वर सांगितलेली ठिपक्यांची प्लेट ४२ अंशांवर लावा: ऑरिस वाढते, हिमुलोनी वाढत नाही. कॉर्नमीलवर ऑरिस सहसा स्यूडोहायफा (एकमेकींना जोडलेल्या लांबट पेशींचे खोटे धागे) देत नाही. हे दोन्ही जुळले तर पक्क्या नावाची वाट न पाहता संसर्ग-नियंत्रण पथकाला कळवा आणि आयसोलेट (नमुन्यातून वेगळे काढलेले यीस्ट) माल्डी किंवा सिक्वेन्सिंगला पाठवा. यंत्राच्या नव्या आवृत्तीत हीच जात कॅन्डिडोझायमा ऑरिस या नावाने दिसली, किंवा ग्लॅब्राटा नाकासिओमायसेस ग्लॅब्राटस म्हणून, तर ती नामांतरे आहेत, नव्या जाती नव्हेत.

तुमच्या आयसोलेटकडे परत येऊ. शुद्ध कॉलनी घ्या आणि एकाच दिवशी ४५ अंशांचे ठिपके, मिठाचा ब्रॉथ आणि स्टाइब अगर, दोन्ही कंट्रोलसह लावा. तिन्ही एका बाजूला पडले तर ते नाव द्या. दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला पडले तर बहुमताने नाव ठरवू नका; एचडब्ल्यूपी१ पीसीआर लावा किंवा आयसोलेट बाहेर पाठवा, आणि तोवर अहवालात 'कॅन्डिडा अल्बिकन्स / डब्लिनिएन्सिस' असेच लिहा. तोंडातल्या साध्या थ्रशसाठी हा अहवाल पुरेसा असतो, उपचार बहुधा बदलत नाही. रक्तातून आलेला आयसोलेट, पुन्हा पुन्हा उलटणारा संसर्ग किंवा फ्लुकोनाझोल चालू असताना टिकलेली वाढ असेल, तर जातीचे नाव आणि औषध-संवेदनशीलता दोन्ही कळवा. डब्लिनिएन्सिसमध्ये या औषधाला प्रतिकार प्रयोगशाळेतही सहज उभा राहतो. आयसोलेट २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांवर ठेवा, आणि कुपीवर तो कितवा सबकल्चर आहे तेही लिहा.